राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) स्वयंसेवकांमधून जबाबदारी घेणारे विद्यार्थी कसे घडवावेत?

प्रश्न
नवा कार्यक्रम अधिकारी यांनी विचारले:

नमस्कार. तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या एका कला व वाणिज्य महाविद्यालयात मी शिकवतो. यंदा जूनमध्ये प्राचार्यांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या 100 स्वयंसेवकांच्या एककाची जबाबदारी माझ्याकडे सोपवली. त्याआधी सहकार्यक्रम अधिकारी म्हणून दोन शिबिरांना जाऊन आलो असल्यामुळे कामाची पद्धत मला अगदीच अपरिचित नाही. मात्र त्या पद्धतीविषयीच माझ्या मनात काही शंका आहेत.

आमची मुले कष्टाला कमी पडत नाहीत. फावडे हातात दिले तर संध्याकाळपर्यंत खाली ठेवत नाहीत आणि प्रभातफेरीला पहाटे साडेपाचला रांगेत उभी राहतात. पण काम संपले की सगळे जण माझ्या तोंडाकडे पाहतात आणि विचारतात, "सर, आता काय करायचे?" दत्तक गाव कोणते असावे, श्रमदान कोठे करावे, बौद्धिक सत्रासाठी कोणाला बोलवावे, रात्रीच्या जेवणात काय असावे, हे सारे कार्यक्रम अधिकारी ठरवतो. ज्यांचा आवाज चांगला आहे अशी तीनचार मुले निवेदन आणि आभारप्रदर्शन करतात आणि वार्षिक अहवालात त्यांचाच उल्लेख 'विद्यार्थी नेतृत्व' म्हणून होतो. मुलींची संख्या निम्म्याहून अधिक असूनही त्यांच्या वाट्याला रांगोळी, स्वागत आणि स्वयंपाकघर येते. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणानुसार रासेयोला सह-अभ्यासक्रमाचे श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागल्यापासून केवळ श्रेयांकासाठी नाव नोंदवणाऱ्यांची संख्या वाढली आहे. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही, परंतु त्यांचे काय करावे हेही उमगत नाही.

माझा प्रश्न असा, की दोन वर्षांच्या 240 तासांत आणि एका सात दिवसांच्या शिबिरात असा कोणता बदल करावा, ज्यामुळे यांपैकी काही विद्यार्थी तरी सार्वजनिक काम स्वतःच्या अंगावर घेऊ लागतील? भाषणकला किंवा व्यक्तिमत्त्व विकासाची कार्यशाळा हे उत्तर मला अपेक्षित नाही. तशा कार्यशाळा आमच्याकडे दरवर्षी होतात. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील. अडचणीही सांगून ठेवतो: प्राचार्यांना सुरक्षिततेची काळजी असते, विद्यापीठाला वेळेवर अहवाल आणि छायाचित्रे हवी असतात आणि निधी बेताचाच असतो.

उत्तर 1
सेवानिवृत्त प्राध्यापक यांनी लिहिले:

प्राध्यापक महोदय, आपला प्रश्न योजनेइतकाच जुना आहे. 1959 मध्ये चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली, तिने पदवीच्या शिक्षणाआधी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा असावी अशी शिफारस केली होती. ती पेलणारी नव्हती. पुढे बरीच चर्चा होऊन, शिक्षण चालू असतानाच करावयाची स्वेच्छेची सेवा, असे तिचे रूप ठरले आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांतील 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन रासेयो सुरू झाली. सेवेच्या द्वारा विद्यार्थ्याच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास, हा या योजनेचा उद्देश पहिल्यापासून लिहिलेला आहे. म्हणजे खणलेला खड्डा हे साधन आणि खणणारा विद्यार्थी हे साध्य. विचार अधिकाऱ्याने करायचा आणि खड्डा विद्यार्थ्याने खणायचा, अशी वाटणी झाली की गावाला एक खड्डा मिळतो आणि योजनेचा हेतू मात्र बाजूला राहतो.

मी सलग चार वर्षे कार्यक्रम अधिकारी होतो आणि नंतरही सल्लागार समितीवर राहिलो. माझे मत एका वाक्यात सांगायचे तर, विद्यार्थ्याकडे काम सोपवून नेतृत्व येत नाही. निर्णय सोपवावा लागतो आणि त्या निर्णयाचे परिणाम त्याला भोगूही द्यावे लागतात. आता हे प्रत्यक्षात कसे होते, ते एका कामाच्या आधारे सांगतो.

आमच्या दत्तक गावात वनराई बंधारा घालायचे ठरले होते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, तोंडे शिवायची आणि ओढ्याच्या प्रवाहाला आडव्या, विटांच्या भिंतीसारखे सांधे चुकवत त्या रचायच्या, एवढे हे साधे काम आहे. जागा सरपंचांनी सुचवली होती: डांबरी रस्त्यालगत, पुलाच्या खाली. जाणे-येणे सोपे आणि फलक लावायलाही सोयीची. मी तीच जागा मान्य करून शिबिराचे वेळापत्रक छापणार होतो. तेवढ्यात द्वितीय वर्षाच्या एका गटाने विचारले, की आम्ही आधी विहिरीवाल्यांना विचारून येऊ का? मी हो म्हणालो. त्यांनी पाच-पाच जणांचे गट केले आणि प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारला: तुमच्याकडे पाण्याची ओढ कोणत्या महिन्यापासून लागते? पुरुषांनी बहुतेक ठिकाणी एप्रिल-मे असे सांगितले. त्याच घरांतल्या बायकांनी सांगितले, की फेब्रुवारीपासूनच हातपंपावर हंडा भरायला दुप्पट वेळ लागतो. मुलांनी वहीत दोन वेगळे रकाने केले. ती वही मी अजून जपून ठेवली आहे, कारण एकाच घरातली दोन उत्तरे वेगळी असू शकतात हे त्या मुलांना कोणत्याही बौद्धिक सत्रातून कळले नसते.

त्या वहीतून दोन गोष्टी निघाल्या. पहिली म्हणजे, पुलाखालचा ओढा रुंद आणि पसरट होता, तर वरच्या अंगाला जिथे काठ उंच आणि पात्र अरुंद होते तिथे कमी गोण्यांत जास्त पाणी अडणार होते आणि हातपंपही त्याच बाजूला होता. दुसरी गोष्ट मला अधिक अडचणीची वाटली. वनराई बंधारा पाऊस ओसरताना, ओढा वाहता असेपर्यंत घालावा लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा त्याचा काळ. आमचे शिबिर परीक्षेनंतर जानेवारीत होते. जानेवारीत कोरड्या पात्रात गोण्या रचल्या असत्या तर छायाचित्र उत्तम आले असते आणि पाण्याचा थेंबही अडला नसता. मुलांनी सुचवले, की बंधारा शिबिरात न घेता वर्षाच्या नियमित 120 तासांतले रविवार वापरून दिवाळीच्या आधी पूर्ण करू आणि शिबिरासाठी दुसरे काम शोधू. सरपंचांना हे पटवायलाही तीच मुले गेली. मी ओट्यावर बसून होतो. मध्ये बोलण्याचा मोह फार होत होता. सरपंच आधी नाराज झाले, मग हातपंपाचा मुद्दा निघाल्यावर नरमले आणि शेवटी फलक मात्र रस्त्यालाच लावू, अशी तडजोड झाली. तडजोड हाही सार्वजनिक कामाचा भागच आहे आणि एकोणीस वर्षांच्या मुलाने ती स्वतः करावी, यापेक्षा मोठे प्रशिक्षण मला ठाऊक नाही.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. योजनेच्या नियमपुस्तिकेत महाविद्यालयीन सल्लागार समितीवर दोन विद्यार्थी स्वयंसेवक असावेत असे म्हटले आहे. बहुतेक ठिकाणी त्यांची नावे कागदावर असतात आणि सह्या घरपोच घेतल्या जातात. त्या दोघांना बैठकीला बसवा, कार्यसूची आठ दिवस आधी द्या आणि इतिवृत्त त्यांच्याकडून लिहून घ्या. इतिवृत्त लिहिणाऱ्याला काय ठरले आणि कोण काय करणार, हे नेमके समजून घ्यावेच लागते. त्याच पुस्तिकेप्रमाणे महाविद्यालयाच्या आवारातील काम वर्षाला 30 तासांच्या पुढे जाऊ नये. ही मर्यादा आपण पाळलीत, तर पाहुण्यांच्या स्वागतापासून मैदान साफ करण्यापर्यंत सगळ्याला रासेयोची मुले बोलावण्याची प्रथा आपोआप आटोक्यात येईल. प्राचार्यांपुढे ते पान उघडून ठेवावे. फार वाद होत नाही.

श्रेयांकासाठी आलेल्यांची चिंता करू नका. शंभरातले शंभर पुढारी होणार नाहीत आणि होऊही नयेत. आठ-दहा जण तयार झाले आणि बाकीच्यांना गावाची पाणीपट्टी कशी ठरते एवढे जरी कळले, तरी एकक सत्कारणी लागले असे मी म्हणेन. मात्र ते आठ-दहा कोण, हे जूनमध्ये आपण ठरवू नका. निवेदन करणारी मुले बहुधा त्यांत नसतात.

उत्तर 2
ग्रामपंचायत सदस्या, मराठवाडा यांनी लिहिले:

मी रासेयोची माजी स्वयंसेविका आहे आणि सध्या माझ्या सासरच्या गावी ग्रामपंचायतीची सदस्या आहे. त्यामुळे मला शिबिर दोन्ही बाजूंनी पाहता आले. वर सरांनी लिहिलेले सगळे पटते. त्यात गावाच्या बाजूने थोडी भर घालते.

गावात शिबिर येते तेव्हा आम्हाला आठ दिवस आधी एक पत्र येते. शाळेच्या खोल्या द्या, पाण्याचा टँकर द्या, उद्घाटनाला या. काय काम करायचे ते ठरूनच आलेले असते. शोषखड्डे, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवणारे खड्डे, हे त्यांचे आवडते काम. एका शिबिरात मुलांनी मोठ्या उत्साहाने शोषखड्डे घेतले. खाली मोठे दगड, वर बारीक खडी, हा क्रम बरोबर होता, पण सांडपाण्याबरोबर येणारा गाळ अडवायला आधी छोटी टाकी हवी, ती कोणी केली नाही. पावसाळ्याच्या आत खड्डे तुंबले आणि दुरुस्तीला कोणी आले नाही, कारण पुढच्या वर्षी त्या मुलांचे शिबिर दुसऱ्या गावात होते. काम फसल्याचे मला फार दुःख नाही. ते फसले हे त्या मुलांना कधी कळलेच नाही, याचे मात्र वाटते. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की गाव बदलू नका. निदान तीन वर्षे एकच गाव ठेवा आणि द्वितीय वर्षाच्या मुलांनी प्रथम वर्षाच्या मुलांना गेल्या वर्षीच्या कामासमोर नेऊन उभे करावे, मग ते टिकलेले असो वा बुजलेले.

दुसरी गोष्ट ग्रामसभेची. आपल्याकडे कायद्याने आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभाही व्हावी लागते. स्वयंसेवकांना शिबिराच्या आधी एखाद्या ग्रामसभेला आणा. ते त्या गावचे मतदार नसतील तर त्यांना मत देता येणार नाही, पण सरपंचांची परवानगी घेऊन मागे बसून ऐकता नक्कीच येईल. कोरम पुरा होत नाही म्हणून सभा तहकूब होते, एखादा माणूस एकाच गटारावरून अर्धा तास बोलतो, ग्रामसेवक विषयपत्रिका भराभर वाचून टाकतात आणि तेवढ्यात मागून एखादी म्हातारी उठून घरकुलाच्या यादीतले चुकलेले नाव सांगते. लोकशाही पुस्तकात वाचली होती त्याहून ही पुष्कळ वेगळी असते. नंतर मुलांना ग्रामपंचायतीचा विकास आराखडा वाचायला द्या. 15व्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. ज्या कामासाठी गावाकडे पैसा आहे ते काम मुलांनी फुकटात करण्याऐवजी, तो पैसा त्या कामावर खर्च होतो की नाही हे विचारणे ही अधिक मोठी सेवा ठरते, हे मला सदस्य झाल्यावर उमगले; स्वयंसेविका असताना कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

आणि मुलींविषयी. आमच्या शिबिरात मला स्वयंपाकघर मिळाले होते, पण आमच्या मॅडमनी एक गोष्ट वेगळी केली: कोठीची किल्ली आणि वही दोन्ही माझ्या हातात दिली. रोज किती पीठ, किती डाळ, किती तेल निघाले, किती उरले, गावातल्या दुकानदाराकडे किती बाकी राहिली, हे रात्रीच्या बैठकीत सगळ्यांपुढे वाचून दाखवावे लागे. तिसऱ्या रात्री तेलाचा हिशेब जुळेना, तेव्हा मुलांनी मला खूप प्रश्न विचारले. मॅडम काही बोलल्या नाहीत. डबा कोणी नेला ते शोधून दुसऱ्या रात्री मी हिशेब जुळवून दाखवला. आज मासिक सभेत जमाखर्चाचा कागद पुढे आला की मी तो वाचल्याशिवाय सही करत नाही. माझ्या बरोबरीचे काही सदस्य हसतात, पण हल्ली ग्रामसेवक मला कागद आदल्या दिवशी पाठवतात. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत आणि निवडणुकीला उभे राहायला वयाची 21 वर्षे पुरेशी आहेत. आपल्या एककातल्या मुलींपैकी काही जणी पदवी घेतल्यावर लगेचच त्या खुर्चीवर असू शकतात. त्यांना आताच तलाठ्याकडे, ग्रामसेवकाकडे, तालुक्याच्या कार्यालयात पाठवा. एकटीला नव्हे, दोघी-तिघींना, पण सरांशिवाय.

उत्तर 3
विद्यार्थी चळवळीतला एक जण यांनी लिहिले:

वरची दोन्ही उत्तरे चांगली आहेत, तरी मला एक मूलभूत आक्षेप नोंदवायचा आहे. सेवा आणि नेतृत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सेवेतून नेतृत्व आपोआप उगवते असे मानणे ही विद्यापीठांची सोयीची समजूत आहे. नेता त्याला म्हणावे ज्याला इतरांनी निवडले आहे आणि इतर जण काढूही शकतात. आपल्या महाविद्यालयांत हा अनुभव कित्येक पिढ्यांना मिळालेला नाही. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकांऐवजी गुणवत्तेच्या आधारे वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. पहिला क्रमांक आला म्हणून प्रतिनिधी, असा तो हिशेब होता. त्यामागे निवडणुकांतल्या हिंसाचाराचे कारण होते, हे मी नाकारत नाही. 2006 मध्ये विद्यार्थी निवडणुकांविषयीच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी आल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या लागू केल्या: उमेदवाराला किमान 75 टक्के उपस्थिती, खर्चाला 5,000 रुपयांची मर्यादा, छापील फलकांना मनाई. म्हणजे शिस्तीत निवडणूक घेण्याची चौकट तयार होती. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 2016 ने विद्यार्थी परिषदेसाठी थेट निवडणुकीची तरतूदही केली. 2019 मध्ये त्या होणार असे वातावरण होते, विधानसभा निवडणुकीच्या कारणाने त्या पुढे गेल्या आणि नंतर विषय मागेच पडला.

त्याच कायद्यानुसार महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेवर रासेयोचा जो विद्यार्थी येतो तो प्राचार्यांनी नामनिर्देशित केलेला असतो. प्राचार्यांनी निवडलेला विद्यार्थी प्राचार्यांना अडचणीचा प्रश्न विचारील, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. म्हणून प्रश्नकर्त्यांना माझी सूचना साधी आहे. आपल्या एककात तरी गटप्रमुख नेमू नका. गुप्त मतदानाने निवडू द्या. मतपत्रिका, मतपेटी, उमेदवारी अर्ज, माघार, मतमोजणी, सगळे विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्या. आणि निवडलेल्याला दोन तृतीयांश मतांनी परत बोलावण्याची सोय ठेवा. हे करायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

उत्तर 4
सेवानिवृत्त प्राध्यापक यांनी पुन्हा लिहिले:

आक्षेपातला निम्मा भाग मी मान्य करतो. नेमलेला गटप्रमुख आणि निवडलेला गटप्रमुख यांच्या वागण्यात फरक पडतो, हे मी स्वतः पाहिले आहे. नेमलेला अधिकाऱ्याकडे पाहून बोलतो, निवडलेला गटाकडे पाहून. फक्त निवडणूक जुलैमध्ये घेऊ नये. जुलैमध्ये मुले एकमेकांना ओळखत नाहीत. मग मत गावावर, जातीवर किंवा बारावीच्या कनिष्ठ महाविद्यालयावर पडते आणि आपण ज्या गोष्टी पुसायला निघालो त्याच कोरून ठेवतो. आधी दोन महिने पाळीपाळीने प्रत्येकाला एकेका रविवारचा प्रमुख करावे. कोण वेळेवर येतो, कोण भांडण मिटवतो, कोण घमेली परत मोजून ठेवतो, हे सगळ्यांना दिसू द्यावे. 24 सप्टेंबरला रासेयो दिन असतो. निवडणूक त्या आठवड्यात घेतली तर वर्धापनदिनाला भाषणाखेरीज काही अर्थही मिळेल.

उरलेला निम्मा भाग मात्र मला मान्य नाही. निवडून येणे ही नेतृत्वाची सुरुवात झाली. निवडून न देणाऱ्यांनाही बरोबर घेणे हे पुढचे काम आणि ते सेवेतच शिकता येते. पुण्याच्या विद्यापीठाच्या रासेयोने वारीच्या वाटेवर स्वच्छतेचे जे काम उभे केले आहे, त्यात गेलेल्या विद्यार्थ्यांशी बोलून पाहावे. मुक्कामाच्या गावी तात्पुरती शौचालये उभी करणे तुलनेने सोपे. पहाटेच्या अंधारात, वयाने आजोबांएवढ्या वारकऱ्याला, त्याचा मान राखून, "माऊली, इकडे सोय केली आहे" असे म्हणून तिकडे वळवणे अवघड. तिथे स्वयंसेवकाच्या हातात अधिकार कसलाच नसतो; ना मत, ना पद, ना दंड करण्याची सोय. केवळ बोलण्यातून आणि स्वतः तिथे पहाटे उभे राहण्यातून जे वजन येते तेवढेच. चळवळीतल्या मित्रांनी हा अनुभव कमी लेखू नये.

प्रश्नकर्त्यांचा पुन्हा प्रश्न
नवा कार्यक्रम अधिकारी यांनी लिहिले:

सर्वांचे मनापासून आभार. एकच गाव, ग्रामसभेची हजेरी, पाळीपाळीने प्रमुखपद आणि सप्टेंबरच्या अखेरीस गुप्त मतदान, एवढे मी यंदा नक्की करतो. सल्लागार समितीच्या कार्यसूचीवर विद्यार्थ्यांच्या दोन जागांचा विषय आजच घातला आहे.

दोन शंका उरतात. विद्यार्थ्यांनी घेतलेला निर्णय उघड चुकीचा वाटला तर अधिकाऱ्याने कोठपर्यंत गप्प बसावे? आणि पैशांचा व्यवहार विद्यार्थ्यांकडे सोपवावा असे वर सुचवले आहे, परंतु लेखापरीक्षणात अडचण येणार नाही का? आमच्याकडे रोख उचल माझ्या नावावर निघते आणि हिशेब मलाच द्यावा लागतो.

उत्तर 5
ग्रामपंचायत सदस्या, मराठवाडा यांनी लिहिले:

पहिल्या शंकेपुरते माझे मत सांगते. जिवाला धोका, मुलींची सुरक्षितता आणि गावातल्या कोणाचा अपमान, या तीन बाबतींत सरांनी तत्काळ मध्ये पडावे आणि ते कोणत्या बाबतींत मध्ये पडणार हे वर्षाच्या सुरुवातीलाच सर्वांना सांगून ठेवावे. विहिरीत उतरणे, विजेच्या खांबाजवळचे काम, रात्रीचा प्रवास यांवर मतदान होत नाही. बाकी पथनाट्य फसेल, सर्वेक्षणाचा नमुना चुकेल, भाजी खारट होईल; होऊ द्यावे. मात्र त्याच रात्रीच्या बैठकीत ज्यांनी ठरवले त्यांनीच उभे राहून काय झाले ते सांगायचे आणि तेव्हा सरांनी त्यांच्या बाजूने स्पष्टीकरण द्यायचे नाही. शिक्षकांना हेच सर्वांत जड जाते असे माझे निरीक्षण आहे.

उत्तर 6
लेखा विभागातील एक कर्मचारी यांनी लिहिले:

मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात लेखा सांभाळतो आणि रासेयोचे हिशेब माझ्याकडे येतात, म्हणून दुसऱ्या शंकेचे उत्तर देतो.

पैसा विद्यार्थ्यांच्या ताब्यात देता येत नाही. एककाचे बँक खाते प्राचार्य आणि कार्यक्रम अधिकारी यांच्या संयुक्त सहीने चालते आणि ते तसेच राहिले पाहिजे. उचलीची जबाबदारीही आपलीच राहील. पण खर्चाचा निर्णय होण्यापासून पावती चिकटवण्यापर्यंत मधली जी पाच-सहा पावले असतात, ती विद्यार्थ्यांनी केल्याने कोणताही नियम मोडत नाही. शिबिराचे अंदाजपत्रक त्यांनी तयार करावे. किराणा, मंडप, वाहन यांची किमान तीन दरपत्रके त्यांनी स्वतः दुकाने फिरून आणावीत आणि तुलनात्मक तक्ता मांडून सल्लागार समितीपुढे ठेवावा. मंजुरी समितीची, खरेदीचा आदेश आपल्या सहीचा. माल आल्यावर वजन करून घेणारा विद्यार्थी आणि वहीत नोंद करणारा विद्यार्थी वेगवेगळे असावेत. प्रत्येक पावतीच्या मागे माल कोणी घेतला, कशासाठी घेतला, हे त्यांनी लिहून सही करावी आणि पुढच्या बाजूला आपली सही असावी. लेखापरीक्षकाला अशी पावती अधिक आवडते, कारण एरवी त्याला शिबिर संपल्यावर एकाच रात्रीत एकाच शाईने लिहिलेल्या पावत्या पाहाव्या लागतात आणि त्या ओळखता येत नाहीत असे कोणी समजू नये.

शिल्लक राहिलेली उचल शिबिरानंतर लगेच परत भरावी. भरणा करायला बँकेत गटप्रमुखाला बरोबर न्यावे आणि खर्चाच्या विवरणाची एक प्रत सूचना फलकावर, एक ग्रामपंचायतीत लावावी. गावाने टँकर आणि खोल्या दिलेल्या असतात, तेव्हा आपण काय खर्च केला ते पाहण्याचा त्यांनाही हक्क आहे. अंदाजपत्रकाचा एक साधा नमुना माझ्याकडे आहे. त्यात प्रवास, भोजन, श्रमदानाचे साहित्य, प्रथमोपचार आणि किरकोळ असे पाच रकाने आहेत. 'किरकोळ' हा रकाना आधी भरू देऊ नका. बाकीचे चार नीट भरले तर त्यात फारसे काही उरत नाही.